जप्तीत काय जात नाही

कर्ज बुडालेला माणूस माझ्याकडे सहसा दिवेलागणीला येतो. कोर्ट सुटलेलं असतं, स्टँडवरची गर्दी पांगलेली असते, जिन्यात ओळखीचं कुणी भेटण्याचा धोका कमी असतो. बसल्यावर थोडा वेळ मोहोराबद्दल बोलणं होतं, नाहीतर मासळीच्या भावाबद्दल. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून तो विचारतो. देवगडचा असो, मालवणचा असो की कणकवलीचा, प्रश्न तोच असतो: "वकीलबाई, घर बायलेच्या नावार करून टाकलंय तर कोण काय करतलो?"

कोण काय करतलो, ते कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत फुकटात किंवा नावापुरत्या पैशांत कुणाच्या नावे केलेली मिळकत रिसीव्हर (नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला नेमलेला माणूस) न्यायालयाकडून रद्द करून घेऊ शकतो. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचं कलम ५३ त्यासाठीच आहे. नादारीचा अर्ज झालाच नाही, तरी देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांना, चुकवायला केलेला व्यवहार मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली मोडता येतो, आणि तिथलंही कलम ५३ च आहे. (योगायोग, पण पाठांतराला सोयीचा.) नादार ठरल्यावर मालमत्ता दडवली असं सिद्ध झालं, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आपल्या राज्यात राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीस द्यायला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. इतक्या स्वस्तात घर वाचतंय म्हटल्यावर मोह होणारच.

मला खटकतं ते वेगळंच. समोर बसलेला माणूस बहुधा कलमवाला, म्हणजे आंब्याच्या कलमांची बाग असलेला, असतो. स्वतः बागेत राबणारा, त्याच घरात राहणारा, बागेच्या उत्पन्नावर जगणारा. त्याचं ते घर गहाण नसेल, तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात (कोर्टाच्या वसुलीच्या निकालात) कुणाला जप्तच करता येत नाही. म्हणजे जे जाणारच नव्हतं ते वाचवायला तो निघालेला असतो. कौलांखाली उभं राहून छत्री उघडावी, तसा प्रकार. आणि त्या बक्षीसपत्रामुळे होतं एवढंच, की उद्या न्यायाधीशासमोर तो अडचणीत आलेला शेतकरी म्हणून उभा न राहता लबाडी करणारा ऋणको म्हणून उभा राहतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कोर्टात बेलीफ होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्याच्या आधीपासून त्यांची नोकरी. समन्स बजावणं, वॉरंट घेऊन जाणं, पंचनामा करणं, आणि कधीमधी जप्ती. ते जप्तीला निघाले की आई त्यांच्याशी बोलायची नाही. घरचा माणूस दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलून आणतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. अण्णांची मात्र एक पद्धत होती. ज्याच्याकडे जप्ती, त्याच्या खळ्यात उभं राहून ते पहिल्यांदा काय नेणार नाही ते सांगत. चुलीवरची भांडी नाही, अंथरूण नाही, अंगावरचे कपडे नाहीत, घरधनिणीचं मंगळसूत्र नाही, नांगर नाही, बैल नाहीत, बियाण्याचं भात नाही. हे ऐकल्यावर आतलं रडणं थांबायचं, असं ते म्हणत. डिक्रीदाराबरोबर, म्हणजे ज्याच्या बाजूनं हुकूमनामा झाला त्याच्याबरोबर, आलेला माणूस चिडायचा. "तुम्ही वसुलीला आलाय की धीर द्यायला?" अण्णा म्हणायचे, "वॉरंटात दोन्ही लिहिलेलं आहे." वॉरंटात अर्थातच तसलं काही लिहिलेलं नसे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये होतं, आणि अण्णांना ते कलम मराठीत, स्वतःच्या शब्दांत तोंडपाठ होतं.

ते कलम मी आता वरचेवर वाचते आणि दर वेळी मला त्यात कुणीतरी घर हिंडून बघितल्यासारखं वाटतं. लिहिणाऱ्याने स्वयंपाकघरात डोकावलं, बिछाना बघितला, कोनाड्यातली हत्यारं बघितली. ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, आणि पोटापाण्याला लागतील असं कोर्टाला वाटेल तेवढी गुरं आणि बी-बियाणं. शेतकऱ्याचं, मजुराचं, घरगड्याचं राहतं घर, त्याखालची जागा आणि लगतचं आवार. हिशेबाच्या वह्या. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ. स्वतःच्या आयुष्यावर काढलेल्या विम्याचे पैसे. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी. मजुराची मजुरी. यातलं काहीही जप्तीत जात नाही, आणि माणूस नादार ठरला तर ते रिसीव्हरच्या ताब्यातही जात नाही, कारण नादारीच्या कायद्यानं हिशेबाच्या वह्या सोडून हीच यादी स्वीकारली आहे.

त्याच कलमात पुढे एक छोटं पोटकलम आहे, १अ. हे संरक्षण मी सोडून देतो असा करार कुणी लिहून दिला, तरी तो करार रद्दबातल. म्हणजे फायनान्सवाल्याच्या छापील फॉर्मवर बारीक टायपात काहीही असो आणि त्याखाली आपली सही असो, जप्तीतून वगळलेली भांडी सहीने वगळणीबाहेर येत नाहीत. मला हे पोटकलम फार आवडतं. अडलेला माणूस कशावरही सही करतो, हे ज्यानं ते लिहिलं त्याला नक्की माहीत असणार.

आणखी एक गंमत कलम ६२ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. अण्णा डिसेंबरात घड्याळाकडे बघत चालायचे, कारण खाडीपलीकडच्या वाडीत पोचेपर्यंत ऊन उतरायचं. तर उतरलं, मग परत. होडीवाल्याला पैसे कोर्टानं द्यायचे की डिक्रीदारानं, यावर मग दोन दिवस वाद. आजकाल वसुली एजंट म्हणून मोटरसायकलवरून येणारी पोरं रात्री नऊला दारात उभी राहतात आणि घरातली बाई घाबरून कानातलं काढून देते. तेव्हा मला हे बेलीफ आठवतात. कोर्टाचा शिक्का असलेल्या माणसाला जे करता येत नाही, ते बिनशिक्क्याच्या माणसाला कसं करता येईल, असं तिनं विचारायला हवं. ती विचारत नाही. शेजारच्या पडवीतला दिवा लागलेला असतो आणि तिकडे ऐकू जाईल, याची तिला जास्त भीती असते.

लाज. सगळ्याचं मूळ तिथे आहे असं माझं मत होत चाललंय. स्थावर मिळकत जप्त झाली की ती जागेवर दवंडी पिटून जाहीर करावी, असं संहितेत आजही आहे. अण्णा सांगायचे, माणसं लिलावाला घाबरत नाहीत तेवढी त्या ढोलाला घाबरतात. एका बागायतदारानं त्यांना विनवलं होतं, बाग न्या पण वाजवू नका. घर गुपचूप बायकोच्या नावे करणं, मोटर भाच्याच्या अंगणात नेऊन लावणं, दागिने माहेरी पोचते करणं, हे सगळं त्या ढोलाच्या धाकानं होतं. नादारीच्या अर्जात नेमकं उलटं करायचं असतं. जे आहे ते सगळं लिहायचं, आणि त्यातलं जप्तीपासून वगळलेलं काय, ते वेगळं दाखवायचं. जो लिहितो त्याचं राहतं. यात माझं शहाणपण नाही, शपथेवर दिलेल्या यादीवर ती प्रक्रिया चालते म्हणून तसं होतं.

मच्छीमार आला की माझी पंचाईत होते. कलमात शेतकऱ्याच्या घराचं नाव आहे, मच्छीमाराच्या घराचं नाही. १९०८ साली ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नांगर होता. जाळं नव्हतं. शेकडो किलोमीटरची किनारपट्टी असलेल्या राज्यात आज दालदी, गाबीत, कोळी, भंडारी यांतला कुणी किनाऱ्यावर चिऱ्याचं घर बांधून राहतो. तो जमीन कसत नाही, म्हणून कायद्याच्या व्याख्येतला शेतकरी नाही. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणारा मजूर ठरू शकतो आणि त्याचं घर वाचू शकतं. पण स्वतःची बोट असलेला? तो मालक. त्याच्या हातानं ओढायच्या जाळ्यांना आणि पागाला (हातानं फेकायच्या जाळ्याला) कारागिराची हत्यारं म्हणून वाचवायला मी भांडू शकते, भांडतेही. पण कर्जावर घेतलेली बोट तारण असते. इंजिन तारण, विंच तारण. तारणाला वगळणी लागू नाही. १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ, त्यात उत्पन्न शून्य आणि हप्ता मात्र चालू. शेतकऱ्याच्या हंगामाचा विचार करणाऱ्या कायद्यानं समुद्राच्या हंगामाचा विचार केला नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी वरिष्ठ वकिलांच्या चर्चेत काढली की ते चहा मागवतात.

आंबा आणि मासळी या दोन गोष्टी जप्त करणं बेलीफाला सगळ्यात अवघड. उभं पीक जप्त करायचं तर वॉरंटाची प्रत बागेत चिकटवायची. काढलेला माल हातात आला तर तो ठेवायचा कुठे? संहितेनं त्याचाही विचार केलाय. लवकर नासणारा माल, किंवा ज्याला सांभाळायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त, तो जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यानं तिथल्या तिथे विकावा. अण्णांनी मे महिन्याच्या अखेरीस अशी एक जप्ती केली होती. कातळावर पेट्या रचलेल्या, वळीव डोक्यावर, वाशीचा ट्रक निघून गेलेला. त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून, पंचांच्या देखत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आंबे विकले आणि पैसे पावती करून कोर्टात भरले. भाव कसा मिळाला ते विचारू नका. ज्याचे आंबे होते तो बागायतदारच त्यांना गिऱ्हाइकं आणून देत होता, कारण जितका पैसा येईल तितकं त्याचं देणं फिटणार होतं. हा प्रसंग अण्णा फार रंगवून सांगायचे, आणि दर खेपेला पेट्यांची संख्या वाढायची.

आता कोकणातल्या घराबद्दल. बाहेरच्या वकिलांना हे समजावून सांगावं लागतं. घरपत्रकाला पणजोबांचं नाव. त्यांचे चार मुलगे, त्यांची मुलं, त्यातली निम्मी परळ-लालबागला, एक गुजरातेत, आत्यांचे हक्क कधी सोडलेले, कधी न सोडलेले. सातबारावर नावांची रांग इतर हक्कांच्या रकान्यापर्यंत गेलेली. वाटप कधी झालंच नाही. चतुर्थीला सगळे जमतात, गणपतीसमोर विषय निघतो, भांडण होतं, दीड दिवसाच्या विसर्जनाबरोबर संपतं. या घोळाला आपण आयुष्यभर शिव्या देतो. कर्जाच्या वेळी हाच घोळ आडवा येतो, आणि तो घरच्यांच्या बाजूनं आडवा येतो.

सामाईक घरातल्या एकाचं कर्ज थकलं तर देणेकऱ्याला फक्त त्याचा अविभक्त हिस्सा जप्त करून विकता येतो. समजा, कोल्हापूरच्या कुणी तो लिलावात घेतला. त्याच्या हातात काय आलं? कागद. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं विकत घेतला, तर त्याला सामाईक ताबा मागता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ म्हणतं. पडवीत खाट टाकून बसायचा हक्कसुद्धा त्याला नाही. त्यानं वाटपाचा दावा लावायचा. तो लावला की १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ उघडतं: घरातल्या कुणाही हिस्सेदारानं तयारी दाखवली, तर न्यायालय त्या परक्याच्या हिश्शाची किंमत ठरवून तो हिस्सा घरच्या माणसाला विकायला लावतं. हे ठाऊक असलेला शहाणा गिऱ्हाईक अशा लिलावाला फिरकत नाही. बागेच्या आणि शेतीच्या हिश्शाला आणखी एक अडसर आहे, आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं.

म्हणून चुलतभावांना एकदम "वाटप करून आपापलं वेगळं करा" असा सल्ला द्यायला मी धजत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याचं घर वेगळं निघालं, की ते विकायला सोपं झालं. अर्थात ही मालमत्ता वाचवायची युक्ती म्हणून सांगत नाही. घर पडायला आलंय आणि कौलं बदलायला कुणी पैसे देत नाही, अशी सामाईक घरं मी भरपूर पाहिली आहेत. नुसतं एवढंच, की ज्या गोष्टीचा आपण सर्वांत जास्त राग करतो तिचाच कधी आधार होतो.

वाचत नाही ते काय, तेही सांगायला हवं. सोनं. इथे फवारणीचा खर्च सोन्यावर चालतो. डिसेंबरात पाटल्या बँकेत, मे महिन्यात सुटतात. थ्रिप्सच्या किडीनं मोहोर खाल्ला, अवकाळी झाला, तर सुटत नाहीत. मंगळसूत्र जप्त करता येत नाही, पण तेच मंगळसूत्र आपल्या हातानं तारण ठेवलं, की बँक नोटीस देऊन विकू शकते. विमा पॉलिसी जप्त करता येत नाही, पण घरकर्जाला जोडून दिली, की गेली. कायद्यानं जे वगळलं ते आपण आपल्या हातानं तारणात ठेवतो, तेव्हा वगळणीला अर्थ उरत नाही. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांचं खरंच सगळं गेलं, त्यांचं जप्तीत फार गेलं नव्हतं. तारणात गेलं होतं.

याच धर्तीवर होमस्टे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, मग तारकर्ली-देवबागपासून कुणकेश्वरपर्यंत खोल्या बांधायची लाट आली. शेतजमिनीवरच्या तारणाला २००२ चा सरफेसी कायदा लागू नाही, म्हणजे तिथे बँकेला कोर्टात न जाता थेट ताबा घेता येत नाही. पण खोल्यांसाठी कर्ज हवं तर जमीन बिनशेती करा, असं सगळे सांगतात. बिनशेतीचा आदेश हातात पडला त्या दिवशी ती ढाल गेली, हे मात्र सांगायला कुणी येत नाही. एका होमस्टेवाल्याची गोष्ट सांगते. २०२० चा टाळेबंदीचा उन्हाळा रिकामा, पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळानं पत्रे नेले, हप्ते थकले. साठ दिवसांची नोटीस आली ती त्यानं देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवली. त्याआधी देवळात कौलही लावून झाला होता, उजवा मिळाला होता. माझ्याकडे आला तेव्हा साठ दिवस उलटून गेले होते. त्या साठ दिवसांत हरकत लिहून दिली असती, तर पंधरा दिवसांच्या आत बँकेला कारणं देऊन उत्तर द्यावं लागलं असतं. बोलणी तिथून सुरू होतात. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण थकबाकी भरली तरच मिळकत हक्कानं सोडवता येते, त्यानंतर नाही. त्यानं शेवटी दोन गुंठे विकून, मेहुण्याकडून घेऊन, नोटीस निघायच्या आधी भरले. देवाला दोष देत नाही तो. म्हणतो कौल बरोबर होता, मीच पत्र उघडलं नाही.

जामीनदारांचं दुःख वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात. पतसंस्थेच्या फॉर्मवर "एक सही कर रे" म्हटलं की आपल्याकडे नाही म्हणत नाहीत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, १८७२ च्या करार कायद्यापासून तसंच आहे. एक निवृत्त कंडक्टर माझ्याकडे रडत आले होते. मित्रासाठी सही केली, मित्र गेला, आता ग्रॅच्युइटीची मुदत ठेव जाणार. ती ठेव जात नाही. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले म्हणून त्यांचं संरक्षण संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. त्यांना मी एवढंच सांगितलं की हा पैसा दुसऱ्या कुठल्या पैशात मिसळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा, कुठून आला त्याचा कागद जपून ठेवा. नोकरीत असणाऱ्याच्या पगारालाही मर्यादा आहे. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याच्या दोनतृतीयांश भागाला हात लागत नाही. ढोबळ हिशेब करायचा तर २२,००० पगारात जास्तीत जास्त ७,००० जप्त होतील. तेही एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिने झाले, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा.

आणि चांगल्या दिवसांत करून ठेवायची एक गोष्ट, जी विमा एजंटसुद्धा क्वचित सांगतात. १८७४ चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा. नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी बायको आणि मुलांच्या हितासाठी म्हणून, तसं कागदावर नमूद करून घेतली, तर तो पैसा त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरतो. नवऱ्याचा त्यावर ताबा नाही, त्याच्या देणेकऱ्यांचाही नाही. पॉलिसी घेतानाच वेगळा फॉर्म भरायचा, एवढंच काम. देणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनं घेतली असेल, तर भरलेल्या हप्त्यांपुरता हक्क त्यांना मिळू शकतो. म्हणून म्हटलं, चांगल्या दिवसांत. स्त्रीधनाचंही तसंच. लग्नात बाईला मिळालेलं तिचं असतं, नवऱ्याच्या देण्यात ते मोजायचं नसतं, १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नि:संदिग्ध सांगितलंय. मात्र दागिन्यांची यादी, पावत्या, लग्नातले फोटो, काहीतरी हवं. बायका हे फोटो जपतात, पण त्या फोटोंचा हा उपयोग त्यांना माहीत नसतो.

खुद्द नादारीचा अर्ज फार कमी लोक करतात. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा, देणं ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, ओरोसला जिल्हा न्यायालयात जायचं. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला तेव्हा आमच्या बाररूममध्ये पेढे वाटायचे बाकी होते. त्यात कामाची हत्यारं, घरातलं रोजचं सामान, दागिने, विमा, एक राहतं घर, अशी आखीव यादी आहे, अट एकच, ते गहाण नसावं. घर खेड्यात १० लाखांपर्यंत, शहरात २० लाखांपर्यंत. दागिने १ लाखापर्यंत. अगदी गरिबांसाठी नव्यानं सुरुवात करण्याची वेगळी सोय आहे: वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, देणं ३५,००० पर्यंत. पण व्यक्तींसाठीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. मोठ्या साखर कारखान्याच्या संचालकाला नवा कायदा, गिर्ये-विजयदुर्गच्या कलमवाल्याला १९२० चा. यावर मी काय बोलू?

जुन्या कायद्यात मुक्तता मिळताना एक अट बघतात. मालमत्तेतून बिनतारण देण्याच्या रुपयाला निदान आठ आणे निघाले का? नसतील निघाले तर आपला दोष नव्हता हे पटवावं लागतं. वादळ, रोग, बंदी, दलालानं बुडवलेली पट्टी, यांचा पुरावा इथे उपयोगी पडतो. आणि हिशेबाच्या वह्या. त्या नीट ठेवल्या नाहीत, हेही मुक्तता नाकारायचं कारण आहे. म्हणून मी वह्यांवर इतकी अडून बसते की लोकांना मी शाळामास्तरीण वाटते. वही जप्त होत नाही आणि वहीशिवाय सुटकाही होत नाही.

हे सगळं लिहिताना मला दुसरी बाजू दिसत नाही असं नाही. इथे देणेकरी म्हणजे दर वेळी काचेच्या इमारतीतली बँक नसते. पतसंस्थेतला पैसा गावातल्याच विधवेचा, शिक्षकाचा, मासळी विकून साठवणारीचा असतो. बोटीवाल्याला उधार डिझेल देणारा पंपवाला, बर्फ देणारा कारखानेवाला, जाळं विणणारा, सगळे रांगेत असतात. माणसानं घर दडवलं, की रांगेतल्या या लोकांना कळतंच. गाव लहान आहे. त्यांचा राग पैशापेक्षा त्या दडवण्यावर जास्त असतो. मी एका बोटवाल्याला सगळ्या लहान देणेकऱ्यांना एकत्र बसवून काय आहे आणि काय नाही ते उघड वाचून दाखवायला लावलं. त्याला ते मेल्यासारखं झालं. बर्फवाल्यानं शेवटी विचारलं, "माका पयलाच सांगलं असतं तर मी बर्फ थांबवलो असतो काय रे?" मग दोघंही बराच वेळ गप्प बसले, आणि मी हप्त्यांचा कागद लिहायला घेतला. सगळीकडे असं होत नाही. दुसऱ्या एका बैठकीत खुर्च्या उचलल्या होत्या.

ऐपत नसल्यामुळे पैसे दिले नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं. ऐपत असून न देणारा वेगळा. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच नाही. हे मी पहिल्याच भेटीत सांगते, कारण निम्मी माणसं "जेलात घालतले" या धास्तीनं झोपलेली नसतात, आणि न झोपलेल्या माणसाला पुढचं काही समजत नाही.

तर माझ्याकडे यायचं असेल तर दिवसाउजेडी या. येताना घरपत्रक आणि सातबारा आणा, ग्रामपंचायतीच्या पावत्या आणा, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, बँकेची पासबुकं, विम्याचे कागद, लग्नातला एखादा फोटो. कुठे कुठे सह्या केल्यात त्याची यादी आठवून लिहा, दुसऱ्यासाठी जामीन राहिलात तेही. गेल्या दोन वर्षांत कुणाच्या नावे काही केलं असेल तर ते पहिल्यांदा सांगा, शेवटी नको. कर्जाच्या कागदांच्या प्रती तुमच्याकडे नसतील, आणि नसतातच, तर सावकाराला त्या मागणारं पत्र आपण पहिल्या दिवशी लिहू. स्पीड पोस्टानं पाठवू, पोचपावती फाइलला लावू. घरच्यांना घेऊन आलात तर बरं, कारण यादीतल्या निम्म्या गोष्टी तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतात.